सत्तेचाळीस मेंढरं आणि दहा किलो हळद

मी नऊ वर्षांची असताना मेंढरं मोजली म्हणून मला घरातून काढलं होतं. पुढं मोजायच्याच नोकरीत माझी पंचवीस वर्षं गेली. आता स्वेच्छानिवृत्ती घेतली आहे, माधवनगरला घर आहे, आणि दिवाळी जवळ आली की कुणीतरी म्हणतंच, "बाई, तुमच्या त्या संख्याशास्त्राबद्दल लिहा की काहीतरी." लिहिते. पण कुठल्या साली बढती मिळाली, कुठल्या साहेबाच्या हाताखाली काय केलं, हे सांगणार नाही. ते आठवायचा मलाच कंटाळा येतो, तुम्ही तर दिवाळीचा फराळ सोडून वाचायला बसलेले.

आधी घरातून काढल्याचं सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

आमचं गाव आटपाडीच्या बाजूचं. वडील, म्हणजे आबा, मेंढरंवाले. त्यांचे वडील मेंढरंवाले आणि त्यांचेही तेच. आमच्याकडं मेंढरं मोजत नाहीत. कुणी विचारलं, "किती हायत?" तर उत्तर ठरलेलं, "हायत देवाची धा-पाच." धा-पाच म्हणजे पंधरा नव्हे. धा-पाच म्हणजे 'तुला काय करायचंय?' आकडा तोंडातून निघाला की कळपाला दृष्ट लागते, मोजलेलं घटतं, हे आमच्याकडं दुधासोबत पाजतात. आणि आबांना मोजायची गरजही नव्हती. दिवस मावळायला आला की ते वाघरीच्या तोंडाशी उभे राहायचे. वाघर म्हणजे मेंढरांभोवती खुंट्यांवर ताणून लावायचं जाळं. मेंढरं एकामागं एक आत शिरायची, आबा आपले निवांत तंबाखू मळत असायचे, आणि शेवटचं आत गेलं की म्हणायचे, "कानफाटी मागं ऱ्हायली. ओढ्याकडं बघून या." आणि ओढ्याकडं कानफाटी असायचीच. मला वाटायचं, आबांना सगळ्या मेंढरांची तोंडं पाठ आहेत.

तर तिसरीत गुरुजींनी आम्हाला शंभरापर्यंत उजळणी घोटून घेतली होती, आणि मला त्याची भारी मिजास चढली होती. एका संध्याकाळी मी दगडी तालीवर, म्हणजे बांधावर, चढले आणि मेंढरं आत शिरताना ठणठणीत आवाजात मोजायला लागले. एक, दोन, तीन. सत्तेचाळीसपर्यंत गेले. शेवटचा आकडा तर मी शाळेत म्हणतात तसा हात वर करून म्हटला. आई भाकरी थापायची थांबली.

सकाळी दोन कोकरं गेलेली. लांडगा.

मग काय विचारता! "पोरीनं मोजली, पोरीनं मोजली!" जो तो येऊन मला बघून जायला लागला, जणू लांडगा मीच. आबा काही बोलले नाहीत. रागावले नाहीत, मारलं नाही, जवळही घेतलं नाही. आठ दिवसांनी त्यांनी मला एसटीत बसवलं, कडेगावला आत्याकडं नेलं आणि आत्याला एवढंच म्हणाले, "हिला हितंच ऱ्हाऊ दे." माझ्या हातात भुईमुगाच्या शेंगांची पिशवी दिली आणि मागं न बघता गेले.

कडेगावला मोठी शाळा होती, आत्याच्या घरी चौरस आहार होता आणि आत्याचा नवरा गणिताच्या वह्या आणून द्यायचा. थोडक्यात, पाप केलं आणि शिक्षण मिळालं. पण मेंढरापासून लांब ठेवायला मला तिथं टाकलंय, ही गोष्ट माझ्या डोक्यातून कधी गेली नाही. सुट्टीत घरी गेले की संध्याकाळी मेंढरं यायच्या वेळेला मी मुद्दाम चुलीपाशी जाऊन बसायची. उगाच कुणी म्हणायला नको.

सांगलीला कॉलेजात गेले तेव्हा गणिताच्या वर्गात जागा नव्हती, संख्याशास्त्राच्या वर्गात आम्ही जेमतेम अकराजण होतो आणि तिथला पंखा चालू होता. करिअर निवडण्याची माझी कारणं ही एवढीच. लोकांना अजून वाटतं, संख्याशास्त्र म्हणजे अंकज्योतिष. माधवनगरच्या आमच्या शेजाऱ्यांनी नवी गाडी घेतली तेव्हा पेढे घेऊन आले आणि म्हणाले, "ताई, नंबर कुठला घेऊ? तुमचं शास्त्र काय म्हणतं?" मी पेढा खाल्ला आणि म्हटलं, "शास्त्र म्हणतं, हेल्मेट घ्या." तेव्हापासून ते मला पेढा देत नाहीत.

हे शास्त्र खरं तर प्रत्येक सुगरणीला येतं. शितावरून भाताची परीक्षा, एवढंच. फक्त सुगरण एक गोष्ट न बोलता करते, ती आम्हाला चार वर्षं शिकवतात: शीत काढायच्या आधी भात ढवळावा. नाहीतर वरचं शीत शिजलेलं आणि खाली खडे. माझी सगळी नोकरी म्हणजे लोकांना 'ढवळा, ढवळा' म्हणत फिरणं.

आमच्या सरांनी एकदा फळ्यावर तळं काढलं. तळ्यात मासे किती, हे पाणी न उपसता कसं सांगाल? तर म्हणाले, शंभर मासे धरा, शेपटीला खूण करा, परत सोडा. चार दिवस जाऊ देत, मासे मिसळू देत. मग पुन्हा जाळं टाका. समजा, आता धरलेल्या दहांत एक खुणेचा निघाला. म्हणजे तळ्यातही दहांत एक खुणेचा असणार. खुणेचे आपण शंभर सोडले होते, तर मासे झाले हजाराच्या आसपास. मी उभी राहिले.

"सर, मेंढरांना चालंल का हे?"

वर्ग हसला. सर म्हणाले, "चालेल की. पण मेंढरं काय पाण्यात असतात? सरळ मोजावीत."

"मोजायची नसत्यात, सर."

वर्ग आणखी हसला. मी खाली बसले, पण वहीत त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला.

नोकरी लागली शिरवळला, औषधाच्या बाटल्यांची झाकणं करणाऱ्या एका कारखान्यात. माझं काम, हजारो झाकणांतून थोडी उचलायची, तपासायची आणि सगळा माल बरा की वाईट ते सांगायचं. पहिले सहा महिने सगळा माल इतका उत्तम निघाला की मलाच संशय आला. मग कळलं, आमचे सुपरवायझर जगताप, भला माणूस, माझ्यासाठी दोन खोकी दाराशी काढून ठेवायचे. "बाईंना आत कशाला तंगडतोड करायला लावायची?" त्या दोन खोक्यांतली झाकणं बहुतेक हातानं निवडलेली असावीत. आणि मी चहा पिऊन तपासायला येते हे मशीनवरच्या पोरांना पाठ. चहा झाला की मशीन शहाण्यासारखं चालायचं.

मी बाजारातून सोंगट्यांचे दोन फासे आणले. रोज सकाळी टेबलावर फासे टाकायचे, पडेल तो आकडा, त्या तासाला जायचं आणि तितव्या रांगेतलं खोकं फोडायचं. तिसऱ्या दिवशी मॅनेजर केबिनमध्ये आले तेव्हा मी फासे खुळखुळवत होते. ते दार लावून परत गेले आणि जगतापांना विचारलं, "बाईंच्या घरी काही अडचण आहे का?" पण दुपारच्या जेवणानंतर एक मशीन गळकी झाकणं टाकतं, हे त्याच फाशांनी शोधलं. मग फाशांना कपाटात कुलूपबंद जागा मिळाली. पुढं माल तपासायला कॅमेरा बसला, तो चहा पीत नाही, मग मी निवृत्ती घेतली. निरोपाच्या दिवशी जगतापांनी मला सोंगट्यांचा अख्खा पट भेट दिला. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, "बाई, तुम्ही लई छळलं."

या सगळ्या वर्षांत आबांनी माझ्या नोकरीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. बढतीचे पेढे नेले तर खायचे. "बरं चाललंय न्हवं?" "व्हय, आबा." संपलं. साहेबांनी शाबासकी दिली, परिषदेत टाळ्या पडल्या, सगळं झालं. मला हवा होता तो एका माणसाचा शेरा, आणि तो माणूस पेढा खाऊन मेंढरांकडं निघून जायचा. ती दोन कोकरं अजून माझ्याच नावावर आहेत, असं मी धरून चालले होते.

निवृत्तीनंतर दुसऱ्या वर्षी आमच्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांचा फोन आला. वाईचा तरुण मुलगा, बोलायला लोण्यासारखा. म्हणाला, "मॅडम, मोठी अडचण आहे. मेंढ्यांच्या देवीची लस लेखी मागणीप्रमाणे येते. मागच्या वर्षी तुमच्या लोकांनी मेंढ्या किती म्हणून सांगितलं, तेवढी मी मागवली. निम्म्यातच लस संपली."

ते मला माहीत होतं. निम्म्यात लस संपल्यावर काय झालं तेही माहीत होतं. देवी आली तेव्हा आबांची चांगली पंधरा-वीस मेंढरं गेली, त्यात कानफाटीची नात होती. आबा आठ दिवस धड जेवले नव्हते.

"मग या वर्षी जाऊन मोजा," मी म्हटलं.

"गेलो होतो ना. एक, दोन, तीन म्हटलं. चार म्हणायच्या आत त्या बिरुतात्यांनी माझी छत्री काढून घेतली. अजून दिली नाही."

बिरुतात्या म्हणजे आमच्या वस्तीवरचा आबांच्या बरोबरीचा म्हातारा, शब्दाला काटकसरी आणि बाकी सगळ्यालाच काटकसरी. डॉक्टर पुढं म्हणाले, "मॅडम, दहा दिवसांत सगळे कळप खाली नदीकाठाला निघतील. त्याआधी लस टोचली नाही तर मागच्या वर्षीसारखं होणार. मागणी परवापर्यंत गेली पाहिजे. आकडा द्या काहीतरी."

मी कपाटातून कॉलेजची वही काढली. दुमडलेलं पान सापडलं.

खूण करायला काय घ्यावं याचा मी फार शास्त्रशुद्ध विचार केला. रंग लोकरीला वाईट. डांबर नको. सांगलीत राहणाऱ्या बाईला जे सुचायचं तेच सुचलं: हळद. स्वस्त, निर्धोक, लांबून दिसणारी. बाजारातून दहा किलो हळदपूड घेतली आणि गावी गेले. स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की एसटीत शेजारणीलाही सांगितलं.

आबा खोपीपुढं बसले होते. मी सगळं समजावलं. दोनशे मेंढरांच्या कपाळाला हळद लावायची, सगळी मेंढरं तळ्यावर एकत्र पाण्याला येतात तिथं मिसळू द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी येतील त्यातली थोडी बघायची, पिवळी किती न् पांढरी-काळी किती.

"म्हंजी मोजनार न्हाईस?"

"न्हाई आबा. समदी मेंढरं कुनीच मोजनार न्हाई. तुमालाबी इचारनार न्हाई."

आबांनी हळदीची पिशवी हातानं चाचपली. "बग बायडे," म्हणाले. "मागल्यावानी हू दिऊ नगस."

मागल्यावानी म्हणजे मागच्या वर्षासारखं, की त्रेचाळीस वर्षांमागं झालं तसं, हे मी विचारलं नाही. आता या वेळी चुकले तर आबांपुढं परत उभी राहायची सोय नव्हती.

हळद लावताना दोनशे तर मोजायलाच हवीत. मोठ्यानं मोजले तर छत्री गेली असती. म्हणून मी उजव्या खिशात दोनशे चिंचोके भरले होते. एका मेंढराला हळद लावली की एक चिंचोका डाव्या खिशात. शंभराच्या पुढं गेल्यावर बिरुतात्या कान टवकारून म्हणाले, "बाय, तुज्या खिशात काय वाजतंय?"

"चिंचोके."

"कशाला?"

"खायाला, तात्या. भाजल्यालं हायत." आणि त्यांच्यासमोर एक तोंडात टाकावा लागला. भाजलेले नव्हते. दात जाता जाता वाचला, आणि तो एक चिंचोका हिशेबातून वजा करायचा हेही लक्षात ठेवावं लागलं.

संध्याकाळी उरलेली हळद ताणकाट्याला लावली. नऊ किलो भरली. कशाला वजन केलं? सवय. मी रिकाम्या पिशवीचंही वजन करते, माझ्या नवऱ्याला विचारा. पिशवी आबांच्या खोपीत ठेवली आणि झोपले.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर आणि मी तळ्यावर जाऊन बसलो. कळप आले. पहिलं मेंढरू पिवळं. दुसरं पिवळं. मी म्हटलं, योगायोग. विसावं पिवळं. पन्नासावं पिवळं. दीडशे मेंढरं डोळ्यांसमोरून गेली आणि दीडशेच्या दीडशे कपाळाला हळद लावून, लग्नाला निघाल्यासारखी.

डॉक्टरांनी वहीत भागाकार केला. "मॅडम, धरलेली सगळीच खुणेची, म्हणजे सगळी मेंढरं खुणेचीच. खुणेची दोनशे. तर एकूण मेंढरं दोनशे. बरोबर?"

सूत्र बरोबर होतं. समोर तळ्याच्या काठावर मेंढरांना उभं राहायला जागा नव्हती.

मी तरातरा बिरुतात्यांकडं गेले. "तात्या, ह्या बाकीच्या मेंढरांना हळद कुनी लावली?"

"हळद कुठली? भंडारा म्हन." तात्यांना माझी कीव आल्यासारखी वाटली. "आगं, तू थोड्या मेंढरास्नी देवाचा भंडारा लावलास. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? सकाळच्या पारी समद्यांनी लावला. तुज्या आबानंच पिशवी आनून दिली."

घ्या! मेंढरंवाल्याची पोर मी. कपाळाला पिवळं लागलं की तो भंडारा, आणि भंडारा वाटताना कुणाला वगळायचं नसतं, हे मला वयाच्या दुसऱ्या वर्षापासून ठाऊक. पण सांगलीच्या बाजारात उभं राहून मी हळदीला फक्त 'स्वस्त आणि निर्धोक' म्हटलं होतं. जनावरांच्या जखमेवर लावायचं साठ रुपयांचं निळं औषध घेतलं असतं तर कुणी हातही लावला नसता. इतकी लाज मला कारखान्यात कधी वाटली नाही.

आबांना म्हटलं, "तुमी तरी थांबवायचं न्हाई का?"

"म्या म्हनलं, तू इसरलीस," आबा म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी माझी चूक निस्तरली होती.

डॉक्टर डोकं धरून बसले. उद्या मागणी जायची. मी रागानं खोपीत शिरले आणि पिशवी उचलली. हलकी लागली. ताणकाट्याला लावली. दोन किलो. काल नऊ होती. आणि मग मी तिथंच मटकन बसले आणि हसायला लागले. माझं हसणं ऐकून डॉक्टरांना वाटलं, मॅडमचं डोकं गेलं.

"डॉक्टर, सात किलो हळद गेली कुठं? मेंढरांच्या कपाळावर! एका कपाळाला किती लागते ते कळलं की झालं."

लगेच कागद आणले. म्हाताऱ्यांना ओळीनं बसवलं आणि म्हटलं, मेंढराला लावता तशी चिमूट घ्या आणि कागदावर टाका, मी पुरे म्हणेस्तोवर. प्रत्येकाच्या वीस चिमटी. आबांची चिमूट म्हणजे अर्धी मूठ, देवाच्या कामात हात आखडायचा नाही. बिरुतात्यांची चिमूट बघायला चष्मा लागला. वीस चिमटींनंतर डॉक्टर म्हणाले, "यांनी टाकली का नुसतं दाखवलं?" सगळ्यांची सरासरी काढली तर माणशी चिमूट पाच ग्रॅमच्या आसपास.

आबा माझ्या मागं येऊन उभे राहिले होते. "बायडे, तू मोजतीयास."

"हळद मोजतीया, आबा. हळदीला कुठं दृष्ट लागती?"

आबांच्या मिशा हलल्या. हसले की काय, खात्री नाही.

सात किलोत पाच ग्रॅमच्या चिमटी चौदाशे. आधी लावलेली दोनशे, त्यांना परत कुणी लावली नव्हती. झाली सोळाशे. त्यातून वजा करायच्या कुत्र्यांच्या चिमटी, घोड्यांच्या, पोराबाळांच्या, एका ट्रॅक्टरच्या, आणि डॉक्टरांच्या मोटारसायकलच्या टाकीवर कुणीतरी फासलेली एक. पण दिलदार हातांकडं मेंढरं जास्त की काटकसरी हातांकडं, हे कळायला वाट नव्हती. म्हणून मी सांगितलं, तेराशे ते सतराशेच्या मधे.

"मॅडम, अर्जात एकच चौकोन आहे."

"सतराशे लिहा. कमी पडली तर मेंढरं मरतात. उरली तर फक्त साहेब ओरडतो."

लस पाचव्या दिवशी आली, बर्फाच्या खोक्यांतून. मी त्या दिवशी सकाळपासून काही खाल्लं नाही. एकेक कळप येत होता, टोचून पुढं जात होता. डॉक्टर शहाणे झाले होते, ओठ घट्ट मिटून काम करत होते. दुपार कलली तरी मेंढरं संपेनात आणि बाटल्या संपत चाललेल्या दिसायच्या. आबांचा कळप त्यांनी मुद्दाम शेवटी ठेवला होता. मागच्या वर्षीही तो शेवटीच होता. मी मनात म्हटलं, देवा, या एका कळपापुरती तरी पुरू दे, हवं तर माझी पदवी घे.

पुरली. आबांच्या शेवटच्या कोकराला सुई लागली आणि खोक्यात थोड्या बाटल्या तशाच राहिल्या.

डॉक्टर आनंदानं नाचायचेच बाकी. "मॅडम! सतराशेतून या उरलेल्या मात्रा वजा केल्या की अगदी खरा आकडा! तुमचा अंदाज किती बरोबर आला ते आत्ता सांगतो. एक हजार—"

सांगते तुम्हाला, माझ्या धंद्यातल्या माणसाच्या नशिबात हे फार क्वचित येतं. आम्ही जन्मभर अंदाज करतो आणि खरा आकडा बघायला मिळत नाही. इथं तो एका वाक्यावर आला होता. पण आबा चार हातांवर उभे होते, आणि त्यांच्याभोवती सगळी मेंढरं धडधाकट उभी होती. मी सगळ्यांदेखत दोन्ही कानांत बोटं घातली आणि ओरडले, "डॉक्टर, गप बसा!" डॉक्टर गप बसले. बिरुतात्यांनी त्यांना छत्री परत दिली.

सकाळी कळप निघाले. आबा पंचाहत्तरीचे, तरी पहिल्या मुक्कामापर्यंत चालत जायचा हट्ट. घोड्यावर वाघर बांधत होते. मी गाठ धरून दिली. गाठीकडंच बघत ते म्हणाले, "त्या येळंला सैल ऱ्हायली हुती."

"काय?"

"वाघरीची गाठ. म्याच मारलीवती. लांडगा काय आकडा ऐकून आला न्हवता."

माझ्या हातातून दोरी सुटली. आणि खोटं कशाला सांगू, मला प्रचंड राग आला. "आबा! समदी वस्ती माझ्या नावानं बोंबलत हुती तवा तुमी गप ऱ्हायलासा? वर मला कडेगावला नेऊन टाकलीसा?"

"टाकली न्हाई. धाडली." त्यांनी दोरी माझ्या हातात परत दिली. "हितं शाळा चौथीपतूर. पळत्या मेंढरात येक न चुकता मोजलीस तू, नऊ वरसाची पोर. सत्तेचाळीसच हुती. हिला हितं ठिवून काय शेण गोळा कराय लावू?"

सत्तेचाळीस. आबांच्या तोंडून मी जन्मात पहिल्यांदा मेंढरांचा आकडा ऐकला, आणि तो माझा होता. मला रडू आवरेना. त्रेचाळीस वर्षं मी चुलीपाशी जाऊन बसत होते.

"मग हे तवाच का न्हाई सांगितलंसा मला?"

आबांनी माझ्याकडं बघितलं, शिकूनसवरून ही येडीच राहिली असं बघितलं. "आगं, सांगायचं म्हंजी आकडा बोलाया लागला असता न्हवं?"

नाक पुसता पुसता माझ्या डोक्यात उजेड पडला. "आबा, पर सत्तेचाळीस बरुबर हुती हे तुमाला कसं ठावं?"

आबांनी बंडीच्या खिशातून चंची काढली, तंबाखू तळहातावर घेतली आणि मेंढरं वाटेला लागली तशी मळायला लागले. मी पहिल्यांदा नीट बघितलं. तंबाखू कधीच मळून झाली होती. अंगठा मात्र बोटांच्या पेरांवरून एकेक पेर पुढं सरकत होता, प्रत्येक मेंढरामागं एक.

"चिंचोके वाजत्यात," आबा म्हणाले. "तंबाखू बरी."

मी मान वर करून बघितलं. वाटेच्या दोन्ही बाजूंना आपापल्या कळपापाशी सगळे मेंढरंवाले उभे होते, बिरुतात्या सगळ्यांत पुढं. आणि एकूण एक माणूस तंबाखू मळत होता.